तिरंग्याचा मान कसा राखावा?



गोष्ट २०२२ सालची आहे. ऑगस्ट महिना होता. देश स्वतंत्र झाला त्याला पंचाहत्तर वर्षे होत होती. १३ ते १५ ऑगस्ट हे तीन दिवस घरोघरी तिरंगा लावावा, असे सरकारने सांगितले होते. गावोगाव झेंडे पोचले होते.

आम्ही तेव्हा एका गावी वाचनवर्ग चालवत होतो. वर्गाला एक आजी येत. वय सत्तरीच्या पुढे. दिवसा रानात खुरपायला जायच्या आणि रात्री पाटी घेऊन वर्गात बसायच्या. सगळ्या आळीत झेंडे लागले, पण आजींच्या घरावर काही झेंडा दिसेना. आळीतली पोरे त्यांना म्हणाली, "आजे, तुझ्या घरावर झेंडा न्हाई व्हय? देशावर माया न्हाई का तुझी?"

आजी म्हणाल्या, "झेंडा हाय की रं. पेटीत घडी घालून ठिवलाय. पर माझा पत्रा वाऱ्यानं उडतोय. झेंडा उडून गटारात पडला म्हंजी? वारा थांबू दे, मग लावीन."

पोरे हसली आणि निघून गेली. पुढे कोणीतरी पारावर बोललेसुद्धा, की म्हातारीला देशाचे प्रेम नाही.

पंधरा तारीख झाली. दोन दिवस पाऊस लागला होता. अठरा तारखेला आजी वर्गात आल्या, त्या हातात एक टोपले घेऊन. टोपल्यात झेंडे होते. काही कागदाचे, काही कापडाचे. काही चिखलाने भरलेले, काही फाटलेले. आजींनी ते रस्त्यातून, गटाराच्या कडेने आणि शाळेच्या कुंपणापासून वेचून आणले होते.

टोपले खाली ठेवून त्यांनी विचारले, "मास्तर, आता ह्यांचं काय करायचं? तुमच्या पुस्तकात लिवलंय का कुठं?"

आमच्या पुस्तकात ते लिहिलेले नव्हते. म्हणून हा पाठ लिहायला घेतला.

झेंडा म्हणजे नुसते कापड का?

पागोटे म्हणजे काय? कापडच ना? पण भर चावडीत कोणी आपले पागोटे पायाखाली तुडवले, तर आपल्याला काय वाटेल? कापड मळले, असे आपण म्हणत नाही. आपली अब्रू गेली, असे म्हणतो. पागोट्यात घराण्याचा मान असतो.

झेंड्याचे तसेच आहे. फरक एवढाच, की पागोटे एका माणसाचे आणि झेंडा साऱ्या देशाचा. मळ्यात राबणारा, गिरणीत खपणारा, सीमेवर पहारा देणारा, शाळेत शिकणारा, अशा सगळ्यांचा मान त्या एका कापडात आहे. म्हणून त्याला जपायचे.

आपला झेंडा कसा तयार झाला?

आजचा तिरंगा एका दिवसात झालेला नाही. त्यामागे बरीच वर्षे गेली.

१९०७ साली जर्मनी देशात स्टुटगार्ट या शहरी एक मोठी परिषद भरली होती. मुंबईच्या भिकाजी कामा या पारशी बाई तिथे गेल्या होत्या. त्यांनी जगातल्या लोकांपुढे हिंदुस्थानचा झेंडा उघडून दाखवला. त्या वेळी आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. हा देश वेगळा आहे आणि त्याला स्वातंत्र्य हवे आहे, असे त्या झेंड्याने सांगितले.

पुढे १९२१ साली आंध्रमधल्या बेझवाडा गावी काँग्रेसची बैठक भरली. या गावाला आता विजयवाडा म्हणतात. तिथे पिंगली वेंकय्या नावाच्या गृहस्थांनी महात्मा गांधींना झेंड्याचा एक नमुना दाखवला. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींनी त्यात पांढरा रंग घालायला सांगितला. मधे चरखा आला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकीच्या धर्मांचा, असा त्या वेळी अर्थ लावला होता.

पण त्यातून एक अडचण उभी राहिली. रंग धर्माप्रमाणे वाटले, तर प्रत्येक जण विचारणारच, "आमचा रंग कुठे आहे?" शीख लोकांनी तसे विचारले. त्यांचे काही चुकले नव्हते. चुलीपाशी एका लेकराला वाढले, की दुसरे ताट पुढे करणारच.

तेव्हा जाणत्या मंडळींनी विचार केला. १९३१ साली काँग्रेसने झेंडा बदलला. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन रंग ठरले आणि मधे चरखा राहिला. त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट केली. यातला कुठलाही रंग कुठल्याही धर्माचा नाही. तिन्ही रंग सगळ्यांचे आहेत.

मंडळी, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आजही कोणी म्हणते, "हा वरचा रंग आमचा, तो खालचा त्यांचा." असे बोलणाऱ्याला झेंड्याची गोष्ट ठाऊक नाही. त्याला ती सांगावी.

१९४७ साल उजाडले. २२ जुलै १९४७ रोजी दिल्लीच्या घटना समितीने देशाचा झेंडा ठरवला. जवाहरलाल नेहरूंनी तो सभेपुढे मांडला. चरख्याच्या जागी चाक आले. चरखा एका बाजूने सुलटा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. चाक दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. हे चाक सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील खांबावरून घेतले आहे. तो खांब दोन हजार वर्षांहून जुना आहे. चाकाचा रंग गडद निळा आणि त्याला आरे २४.

त्या सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ सांगितला. केशरी म्हणजे त्याग. जे पुढारी होतील त्यांनी स्वतःचा लाभ पाहू नये. पांढरा म्हणजे उजेड, खऱ्याची वाट. हिरवा म्हणजे आपले मातीशी आणि झाडापिकांशी असलेले नाते. आणि चाक म्हणजे धर्म व चालणे. थांबला तो संपला, चालतो तो जगतो.

हिरव्या रंगाचा अर्थ तर शेतकऱ्याला कोणी शिकवायलाच नको.

झेंड्यासाठी लोकांनी काय सोसले?

आज झेंडा दुकानात मिळतो. एक काळ असा होता, की झेंडा हाती धरला म्हणून तुरुंगात जावे लागे.

१९२३ साली नागपुरात हे घडले. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्स भागात जायला इंग्रज सरकारने मनाई केली. त्या भागात साहेब लोक राहत. लोकांनी ठरवले, की झेंडा घेऊन जायचेच. मे महिन्यात सत्याग्रह सुरू झाला. रोज तुकडी निघे आणि रोज पोलीस पकडत. जमनालाल बजाज यांना तुरुंगात टाकले. मग वल्लभभाई पटेल यांनी पुढारपण घेतले. हजारावर माणसे तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने झेंडा घेऊन गेली. कोणी दगड मारला नाही, कोणी काठी उगारली नाही.

१९४२ सालचा सप्टेंबर महिना. तारीख नऊ. या एकाच दिवशी महाराष्ट्रात दोन ठिकाणी तिरंग्यासाठी रक्त सांडले.

सातारा जिल्ह्यात वडूज हे खटाव तालुक्याचे गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी मोर्चा घेऊन कचेरीकडे निघाले. कचेरीवर तिरंगा लावायचा होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पुढे होते. ते पडले. एकंदर नऊ जण हुतात्मा झाले. ही सारी आपल्यासारखीच खेड्यातली माणसे होती.

त्याच दिवशी खानदेशात नंदुरबारला शाळेतल्या मुलांनी मिरवणूक काढली. शिरीषकुमार मेहता या मुलाच्या हातात झेंडा होता. पोलिसांनी धमकावले, तरी त्याने तो सोडला नाही. गोळीबार झाला. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. मिसरूड फुटायचे वय होते हो!

मराठवाड्याची कथा आणखी निराळी. १५ ऑगस्ट १९४७ ला साऱ्या देशात तिरंगा फडकला. पण मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थ यांना पकडले. तरी लोक लपूनछपून झेंडा लावत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि तिथे उघडपणे तिरंगा लागला. म्हणून मराठवाड्यात दर साली १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. गोव्याला तर आणखी वाट पाहावी लागली. तिथून पोर्तुगीज गेले ते १९ डिसेंबर १९६१ ला.

हे सारे सांगायचे कारण एकच. ज्या कापडासाठी माणसांनी प्राण दिले, ते कापड गटारात पडलेले आजींना बघवले नाही.

झेंडा लावायचा हक्क कोणाला?

पूर्वी सामान्य माणसाला वर्षभर आपल्या घरावर झेंडा लावता येत नसे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच मुभा होती. बाकी दिवस झेंडा सरकारी कचेऱ्यांवर.

नवीन जिंदल नावाच्या कारखानदारांनी आपल्या कारखान्यावर झेंडा लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. जिंदल कोर्टात गेले. पुढे २६ जानेवारी २००२ पासून नवीन ध्वजसंहिता लागू झाली. ध्वजसंहिता म्हणजे झेंड्याच्या नियमांचे पुस्तक. त्यात कोणाही नागरिकाला कोणत्याही दिवशी मानाने झेंडा लावायची मोकळीक मिळाली. २००४ साली दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की मान राखून झेंडा लावणे हा नागरिकाचा हक्क आहे.

पूर्वी झेंडा हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचाच असावा लागे. २०२१ च्या डिसेंबरात हा नियम सैल झाला. आता सुती, लोकरी, रेशमी, खादीचा किंवा पॉलिस्टरचा झेंडा चालतो. तो हाताने केलेला असो की यंत्रावर. २०२२ च्या जुलैपासून घरावरचा झेंडा दिवसा आणि रात्रीही ठेवता येतो.

झेंडा कसा लावावा?

नियम फार अवघड नाहीत. एकदा ऐकले की ध्यानात राहतात.

१. केशरी रंग वर, हिरवा खाली. झेंडा उलटा लागला तर तो अपमान होतो. दोरी बांधण्याआधी दोनदा पाहावे.

२. झेंड्याची लांबी तीन हात, तर रुंदी दोन हात. झेंडा लहान असो की मोठा, हे माप सुटता कामा नये.

३. फाटका, मळका किंवा चुरगळलेला झेंडा लावू नये.

४. झेंडा चढवायचा तो चटकन आणि उतरवायचा तो सावकाश, मानाने.

५. झेंड्याचे टोक जमिनीला किंवा पाण्याला लागू देऊ नये.

६. ज्या काठीवर तिरंगा आहे, त्या काठीवर दुसरा झेंडा लावू नये. देवाचे निशाण असो, जत्रेची पताका असो की पक्षाचा झेंडा असो. त्यांचा मान त्यांच्या जागी. तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा नसावा.

७. झेंड्यावर काही लिहू नये. नाव नको, घोषणा नको, जाहिरात नको.

८. झेंड्याचा रुमाल, उशीचा अभ्रा किंवा टेबलावरचे कापड करू नये. कमरेखालच्या कपड्यात वापरू नये.

९. जीप, ट्रॅक्टर यांच्या टपावर किंवा मागेपुढे झेंडा पांघरू नये. मोटारीवर झेंडा लावायचा मान राष्ट्रपती, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे.

१०. प्लॅस्टिकचा झेंडा घेऊ नये. तो कुजत नाही आणि वर्षानुवर्षे उकिरड्यावर लोळतो. कागदाचा झेंडा हातात धरून हलवायला चालतो. पण कार्यक्रम झाला, की तो खाली टाकून जाऊ नये.

झेंडा चारचौघांत जाळणे, फाडणे किंवा तुडवणे हा गुन्हा आहे. १९७१ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दोन्हीही होऊ शकतात.

झेंडा फाटला तर काय करावे?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ.

ध्वजसंहितेत याचे उत्तर आहे. झेंडा फाटला किंवा विटला, तर तो कचऱ्यात टाकायचा नाही आणि त्याचे फडके करायचे नाही. तो अखंडच, एकांतात, मान राखून नाहीसा करायचा. शक्यतो जाळून, किंवा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने.

हे ऐकून आजी दचकल्या. "जाळायचा? मग पाप न्हाई लागत?"

आम्ही म्हणालो, "आजी, आपल्या माणसाला आपण अग्नी देतो, तो राग म्हणून देतो का? शेवटचा मान म्हणून देतो. हे तसेच. तमाशा करून जाळला तर अपमान. एकांतात, हात जोडून दिला तर निरोप."

कागदाच्या आणि सुती झेंड्यांना हे चालते. पॉलिस्टर जळताना घाण धूर येतो. तो झेंडा धुऊन, घडी घालून, पेटीत ठेवून स्वच्छ जागी पुरावा. आणि एवढे ध्यानात ठेवा, की झेंडा नुसता मळला असेल तर तो जाळायचे कारण नाही. धुवावा, वाळवावा, इस्त्री करावी आणि पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

त्या रात्री वर्गातल्या मंडळींनी टोपल्यातले झेंडे निवडले. चांगले निघाले ते बायांनी धुतले. गेलेले होते त्यांना शाळेच्या मागे अग्नी दिला. आजींना हसणारी दोन पोरेही तिथे उभी होती. ती काही बोलली नाहीत. एकाने काड्यापेटी आणून दिली.

झेंडा लावला नाही, तर तो माणूस देशाचा नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कारण पारावर बोललेला तो एक शब्द आजींना फार लागला होता.

झेंडा लावायचा हक्क सगळ्यांना आहे. लावलाच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात कोणा घरावर नाही. लावला तर मान राखा, एवढेच कायदा म्हणतो. कोणाकडे पैसे नसतील, कोणाचा पत्रा मोडका असेल, कोणाच्या घरी दुखणे असेल. झेंडे मोजून माणसाचे मन मोजता येत नाही.

केरळातली एक गोष्ट आहे. एका शाळेत तीन मुले होती. राष्ट्रगीत चालू असताना ती अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांना गाणे मान्य नव्हते. १९८५ साली शाळेने त्यांना काढून टाकले. वडील कोर्टात गेले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुले मानाने उभी राहत होती, त्यांनी अपमान केला नाही, त्यांना शाळेत परत घ्या. देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने तीन लहान मुलांचे मन सांभाळले. मग आपण शेजाऱ्याचे मन सांभाळू नये काय?

शेजारी दुसऱ्या जातीचा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल. "तू झेंडा लाव, म्हणजे तुझे इमान कळेल," असे त्याला दरडावणे म्हणजे देशभक्ती नव्हे. भीतीने लावलेला झेंडा काठीवर असतो, मनात नसतो. आणि १९३१ साली ठरलेच आहे, की तिन्ही रंग सगळ्यांचे.

मग देशभक्ती कशात आहे? आपल्या राज्यघटनेत त्याची एक यादीच आहे. १९७६ साली नागरिकांची दहा कर्तव्ये घटनेत लिहिली गेली. २००२ साली अकरावे आले. त्यात पहिल्याच कलमात आहे, की झेंड्याचा आणि राष्ट्रगीताचा मान राखावा. पण यादी तिथे थांबत नाही. पुढे काय आहे ते पाहा. धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन भावाभावांसारखे राहावे. बायकांना हलके लेखणाऱ्या चालीरीती सोडाव्यात. रान, तळी, नद्या सांभाळाव्यात. मुक्या जिवांवर दया करावी. सार्वजनिक मालमत्ता राखावी. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना शाळेत घालावे.

आता सांगा. घरावर झेंडा आहे, पण मुलगी शाळेत नाही, तर ते अर्धे काम झाले की नाही? गाडीला झेंडा बांधला आणि त्याच गाडीने एसटीची काच फोडली, तर ती काच कोणाची फुटली? आपलीच ना?

झेंडा लावणे चांगले. मनापासून लावावा, मुलांना त्याची गोष्ट सांगावी. पण झेंडा हा कामाचा शेवट नाही. तो आठवण करून देतो, की काम बाकी आहे.

पुढे काय झाले?

त्या गावात आता एक रीत पडली आहे. शाळेच्या ओट्यावर एक झाकणाची पेटी ठेवलेली असते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुले गावात फिरतात आणि पडलेले झेंडे त्या पेटीत आणून ठेवतात. याला पैसा लागत नाही. तुमच्याही गावाला हे जमण्यासारखे आहे.

आणि आजींचा झेंडा? २०२२ च्या त्याच महिन्यात, वारा पडल्यावर, त्यांनी तो लावला. तारीख पंधरा नव्हती, सणही नव्हता. पोरांनी आधी त्यांच्या पत्र्याला खिळे मारून दिले. मग एकाने काठी धरली आणि आजींनी दोरी ओढली. केशरी रंग वर आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिले.

वाचून झाल्यावर बोला

१. १९२१ च्या झेंड्यात आणि १९३१ च्या झेंड्यात काय फरक होता? तो का केला?

२. तुमच्या गावात जुन्या झेंड्यांचे काय करतात? काय करायला हवे?

३. घटनेतल्या कर्तव्यांपैकी कोणते एक काम या साली तुमच्या गावाला करता येईल?